काचेत धावणारी पाखरं

मालवणच्या बाजारात कोणी विचारलं, "नोकरी खंय करतंस गो?" तर मी सांगायचे, "कुडाळाक, काचेच्या कंपनीत." लगेच पुढचा प्रश्न, "म्हणजे बांगड्यो?" मी म्हणायचे, "व्हय, बांगड्यो." एका हातात सौंदाळ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि भर रस्त्यात लिक्विड क्रिस्टल समजावत बसायचं म्हणजे मासळी नासायची. शेवटपर्यंत निम्म्या मालवणाला वाटत होतं, सुनंदा बांगड्या करते. आमच्या ह्यांनाही पहिली दोनेक वर्षं तसंच वाटत असावं, पण ते कधी बोलले नाहीत.

आता या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, काकी, पानं भरपूर आहेत, सावकाश सांगा. तर सांगते. बांगड्या नव्हत्या त्या.

तुम्ही कॅल्क्युलेटर बघितलात ना? वजनकाटा, विजेचा मीटर, सुरुवातीचे ते विटेएवढे मोबाईल? राखाडी काचेवर काळे आकडे उमटतात. लोकांना वाटतं आत बारीक दिवे असतात. एकही दिवा नसतो. दोन काचा, त्यांच्यामध्ये केसाहूनही कमी जागा, आणि त्या जागेत एक द्रव. थंडीत थिजायच्या आधी खोबरेल जसं गढुळतं, तसा तो बाटलीत दिसतो. वाहतो पाण्यासारखा, पण त्याचे कण पाण्यासारखे वाटेल तसे पडलेले नसतात, सगळे एका अंगाला कललेले असतात. किनाऱ्यावर रापण, म्हणजे ते लांबलचक जाळं, ओढताना बघा, दोर धरलेली माणसं कशी सगळी एकाच बाजूला कलतात, तसे. विजेचा जरासा जोर लावला की ते कण वळतात, उजेडाची वाट अडते आणि तेवढ्या जागी काळं दिसतं. हाच तो आकडा. झालं आमचं शास्त्र.

कणांनी कुठल्या अंगाला कलायचं हे ठरवायचं काम बायकांकडे. काचेला आतून पातळ लेप द्यायचा, तो भट्टीत सुकवायचा आणि त्यावरून मखमल फिरवायची, एकाच दिशेने. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात नेतो तशी. उलटा हात गेला की काच वाया. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मखमल जिकडे गेली तिकडे कण निजतात. मग दोन काचा एकमेकींना चिकटवायच्या, हवा ओढून घ्यायची, बारीक भोकातून द्रव भरायचा, भोक बंद करायचं. त्यानंतर ती काच माझ्याकडे. मी तपासणीत. दुर्बिणीखाली ठेवून वीज द्यायची आणि दोष शोधायचा. कंपनीतले साहेब मायक्रोस्कोप म्हणायचे, आम्ही बायका दुर्बीणच म्हणायचो.

मला घेतलं ते डोळ्यांवरून. शिकलेली मी सातवी, तीही मासे विकता विकता. नुकती कोकण रेल्वे सुरू झाली होती, कुडाळच्या एमायडीसीत नवनवीन शेड उभ्या राहत होत्या, आणि आमच्या ह्यांच्या होडीला मासळी लागेनाशी झाली होती. मुलाखतीला गेले तर साहेबांनी पुढ्यात दोन काचा ठेवल्या आणि विचारलं, यातली घाण कुठली? मी डावी सांगितली. "कशावरून?" म्हणाले. आता काय सांगू? माझे वडील रापणीच्या संघात उंचावर उभे राहून पाण्याचा रंग बघायचे आणि बांगडा-मासळीचा थवा कुठे आलाय ते ओरडून सांगायचे. मी लहानपणी त्यांच्या शेजारी उभी. बघायची सवय असली की काच काय नि दर्या काय. हे मी साहेबांना सांगितलं नाही. "वाटलां तसा" एवढंच म्हटलं.

या धंद्यात मीठ म्हणजे वैरी. द्रवात मिठाचा अंश उतरला की वीज कणांना वळवायचं सोडून आतून वाहायला लागते, आकडे फिकट पडतात. आणि आम्ही बायका कुठल्या? निम्म्या किनाऱ्यावरच्या, अंगावर खारा वारा घेऊनच एसटीत चढणाऱ्या. म्हणून दारातच साडी बदलायची, हात घासून धुवायचे, डोक्याला टोपी, पायांत मोजे, हातांत हातमोजे. केसांत अबोलीचा वळेसर चालायचा नाही. आमची मालन म्हणायची, "वळेसर नाय, पावडर नाय, तेल नाय. ह्यांका बायको नको, भूत व्हया कामाक."

मालन म्हणजे भरण्याच्या खोलीची मुख्य. माझ्याच आळीतली, माझ्याच वयाची. तिचा आवाज असा की किनाऱ्यावर बोलली तर होडीतला माणूस उत्तर देईल.

गिऱ्हाइकंही एकेक होती. कोल्हापूरकडचे एक वजनकाटे बनवणारे तावातावाने आले. तुमचे आकडे भानामतीचे आहेत म्हणे. मालवणच्या मासळीबाजारात त्यांचा काटा दुपार झाली की अख्खा काळा व्हायचा. कोळीण म्हणे, वजन बरोबर आहे. गिऱ्हाईक म्हणे, वजन दिसतंय कुठे? रोज भांडण. तो काटा त्यांनी आमच्या टेबलावर ठेवला, चालू केला, तर आकडे कसे मोत्यासारखे. बिचारे शपथा घालायला लागले, "अहो बाई, तिथं काळा होता हो!" मालनने तो उचलला, बाहेर तापलेल्या पत्र्यावर नेऊन ठेवला आणि म्हणाली, "बसा आता हयसर. पानी पिया." थोड्या वेळात काटा काळाठिक्कर. आत सावलीला आणला, हळूहळू आकडे परत. ते गृहस्थ खुर्चीत बसूनच राहिले. ऊन फार झालं की रापणीवरची माणसं दोर सोडून सावलीला पळतात, तसे ते कण रांग सोडतात. गारवा आला की परत रांगेत. आम्ही त्यांना म्हटलं, काट्यावर एक छत्री बांधून द्या.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण मला खरं सांगायचंय ते वृंदा मॅडमचं.

वृंदा मॅडम आमच्याकडे क्वालिटी बघायला आल्या तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर असतील. सांगलीच्या. एमेस्सी फिजिक्स. काडीसारखी पोरगी, चष्मा मोठा. आम्ही मालवणीत बोलायला लागलो की तोंडाकडे बघत राहायची. बांगड्याचा काटा काढता यायचा नाही, मीच डब्यात तुकडा सोडवून द्यायचे. पुढेपुढे ती मला काकी म्हणायला लागली आणि मी चारचौघांत मॅडम, एरवी "गो चेडवा", म्हणजे अगं पोरी.

तिला पुढे शिकायचं होतं, संशोधन करायचं होतं. त्यासाठी कोणीतरी मोठ्या सरांनी आपल्या हाताखाली घ्यावं लागतं म्हणे. ते जमलं नव्हतं. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत काय ती नोकरी कर, मग स्थळं बघायची. मुलगा सांगलीतलाच, घर चांगलं. ती मला म्हणाली होती, "काकी, मुलगा वाईट नाहीये हो. पण मग मी परत कधी दुर्बिणीला डोळा लावणार?"

त्याच सुमाराला मालकांनी नव्या तऱ्हेच्या डिस्प्लेसाठी वेगळा द्रव आणला. तो भरताना काचेत बुडबुडे राहायला लागले. आज बुडबुडे, उद्या बुडबुडे, माल सगळा फेकायचा. साहेबांनी पंप बदलला, रबरं बदलली, काही नाही. आणि मग एक दिवस दुपारपासून बुडबुडे एकदम थांबले. सगळे खूश. काचा माझ्याकडे आल्या.

मी पहिली काच लावली, वीज दिली. ही वीज एका बाजूने वाहत नाही, मागेपुढे हेलकावते, आणि किती वेगाने हेलकावायचं ते बटणाने ठरतं. मी बटण फिरवत होते. एका जागी आल्यावर काचेत काहीतरी हललं. मला वाटलं कचरा. पण कचरा धावत नाही. हे धावत होतं. इवलंसं, उजळ, मध्ये बारीक आणि दोन बाजूंना पंख पसरल्यासारखं. या कडेने आलं, त्या कडेला गेलं, मुळीच न अडखळता. मागून दुसरं. मग दहाबारा. करड्या पाण्यावरून पाखरांचा थवा जावा तशी. बटण केसभर पुढे गेलं की नाहीशी. मागे आणलं की परत हजर.

मी हाक मारली, "मॅडम, जरा इकडे या. हे चालतंय."

आमची दुर्बीण दोन माणसांनी एकाच वेळी बघायची होती, शिकवण्यासाठी तशी घेतलेली. ती दुसऱ्या बाजूने वाकली. मग हळूच म्हणाली, "काकी, बटण हलवू नका. श्वासही जरा हळू घ्या."

दोन पाखरं समोरासमोर येत होती. मी म्हटलं, आता आपटतली. आपटली नाहीत. एकमेकांत शिरली, क्षणभर एकच झाली आणि पलीकडून दोन्ही आपापल्या वाटेने निघून गेली, पंखसुद्धा मोडला नाही. बाजूला माझ्या कानाशी ती पोरगी हसत होती, लहान मूल जत्रेत हसतं तशी.

डबा खाताना बाहेर काजूच्या सावलीत तिने मला समजावलं. "लाट किनाऱ्याकडे येते तेव्हा पाणी येत नाही ना? होडी जागच्या जागी वरखाली होते." मी म्हटलं, "ह्यां माका सांगतंस? माझो घोव होडयेर असता." ती म्हणाली, "मग ऐका. साधी लाट पसरते, मोडते, विरून जाते. पण काही लाटा अशा असतात की त्या पसरत नाहीत, मोडत नाहीत, आपला आकार धरून एकट्याच जातात. त्यांना सॉलिटॉन म्हणतात. या काचेत कण आपल्या जागीच आहेत. विजेने ते डोलतात. याचं डोलणं त्याला लागतं, त्याचं पुढच्याला. धावतंय ते डोलणं. आणि बघितलंत का, आपण मखमल जशी फिरवली त्याच्या आडवं धावतंय."

"म्हणजे पाखरू नायच?"

"पाखरू नाही, काकी. पाखराचं उडणं तेवढं आहे."

हे वाक्य माझ्या मनातून आजतागायत गेलेलं नाही.

मालकांचं गणित वेगळं. त्यांनी दुर्बिणीतून बघितलं, छान आहे म्हणाले, आणि अख्खा लॉट बाद केला. "मॅडम, आपल्याला आकडे विकायचेत. फुलपाखरं नाही." बरोबरच होतं त्यांचं. मीटर बनवणाऱ्याने पाखरं घेऊन काय करायचं? पण माणूस बरा, थोड्या काचा तिला ठेवू दिल्या. कामाच्या वेळेत बघायचं नाही एवढीच अट. मग काम सुटल्यापासून माझी मालवणची गाडी येईपर्यंत आम्ही दोघी दुर्बिणीला डोळे लावून. मी बटण फिरवायचे, ती सांगायची, मी बघायचे. त्या वेळासाठी मी दिवस काढायचे. घरी आमचे हे विचारायचे, "एवढां काय बघतंस?" मी म्हणायचे, "पाखरां." ते म्हणायचे, "हयसर काय कमी आसत?"

तिने बंगळुरूच्या आपल्या एका जुन्या सरांना फोन केला. त्यांचा आधी विश्वास बसेना. मग म्हणाले, पावसाळा संपल्यावर मी गोव्याला येणार आहे, रेल्वेने कुडाळला उतरतो, मला डोळ्यांनी दाखव. खरं असेल तर माझ्याकडे ये, बाकीचं मी बघतो. म्हणजे दिवाळीच्या तोंडावर. तिच्या वडिलांची मुदत आणि सरांची गाडी, दोन्ही एकाच वेळी कुडाळ स्टेशनात शिरणार होती.

आणि गणपती उरकून आम्ही परत आलो तर पाखरं नव्हती. ठेवलेल्या काचा लावल्या, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, करडं पाणी तसंच निपचित. एका काचेत एकच दिसलं, तेही मध्यापर्यंत येऊन विरलं. द्रव काचेत राहून राहून बदलतो म्हणाली ती. नव्या काचा करायला हव्या होत्या, पण त्या लॉटमध्ये असं काय वेगळं झालं होतं, ते कोणाला ठाऊक? तिने तोच द्रव, तोच लेप, तीच मखमल घेऊन काचा केल्या. स्वच्छ, निर्दोष काचा. एकही पाखरू नाही. असे बरेच दिवस गेले. पोरगी डबा खाईनाशी झाली. सांगलीहून फोन यायचा तेव्हा बाहेर जाऊन बोलायची आणि डोळे पुसून आत यायची.

एका दुपारी मालन तिला म्हणाली, "मॅडम, रागवू नको, पण तुका नजर लागली हा. त्या दिवशी मशिनीक लागली होती तशी. मी मशिनीची काढलंय तशी तुझीय काढतंय."

"मशीनची काय काढलीत?"

"दृष्ट गो! बुडबुडे येयत नव्हते? मीठ, मिरच्यो, मोहरी घेतलंय आणि मशिनीवरसून उतरलंय. त्याच दुपारी बुडबुडे बंद. इचार सुनंदाक."

मला कुठलं ठाऊक, मी तपासणीत. पण मालनच्या तोंडावर लपवाछपवी मुळीच नव्हती. तिच्या हिशेबी कंपनी तिच्यामुळे वाचली होती.

वृंदा हसली. कितीतरी दिवसांनी हसली. आणि हसता हसता थांबली.

"मालनताई, मीठ हातात घेतलं होतं?"

"मगे काय पायात?"

"हातमोजे होते?"

"हातमोजे घालून दृष्ट काढतत?" मालनने कपाळावर हात मारला. "सांगलेक काढतत काय तशी?"

"आणि नंतर? हात धुतलेत?"

"दृष्ट काढल्यार लगेच हात कसे धुवचे? पदराक पुसलंय आणि काचो भरूक लागलंय. बुडबुडे थांबले हे बघून माका काय सुचला नाय."

वृंदा भिंतीला टेकून उभी राहिली. "मीठ," म्हणाली, "काकी, मीठ! द्रवातून थोडी वीज वाहिली, म्हणून ते कण डोलायला लागले."

मग तिने मीठ पाण्यात विरघळवून काचांच्या आत पुसून बघितलं. जास्त झालं. काचेत उकळी फुटल्यासारखं झालं, सगळा द्रव घुसळतोय, पाखरू कुठलं दिसायला. कमी केलं, तर काहीच नाही. मधलं प्रमाण सापडेना, आणि सर येत्या आठवड्यात यायचे. शेवटी ती मालनकडे गेली. "मालनताई, माझी दृष्ट काढा. आणि नंतर त्या दिवशी केलंत अगदी तसंच करा."

मालनने तिला भरण्याच्या खोलीत स्टुलावर बसवलं. मूठ आवळून तिच्यावरून उतरवत म्हणाली, "इल्या-गेल्याची, शेजाऱ्या-पाजाऱ्याची, सांगलेच्या सोयऱ्यांची, कोणाची नजर लागली आसात ती ह्या मिठात येवं दे. माझ्या चेडवाचां बरां होवं दे." सांगलीचे सोयरे ऐकल्यावर पोरगी खुदकन हसली. मालनने मीठ-मिरच्या बाहेर निखाऱ्यावर टाकल्या, हात पदराला पुसले आणि काचा भरायला बसली. मालनच्या तळहाताला पुसूनही जेवढं उरतं, तेवढंच मीठ त्या पाखरांना मानवत होतं. दुसऱ्या दिवशी ती धावली. नंतर वृंदाने त्याचं नीट माप काढलं, पण पहिली धावली ती मालनच्या हाताने.

सर आले. वयस्कर, पायांत साधी चप्पल, हिंदी आमच्याइतकीच मोडकी. मालक, साहेब, आम्ही सगळ्या खोलीत दाटीने उभ्या. दुर्बिणीच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला वृंदा. ती मला म्हणाली, "काकी, बटण तुम्ही धरा. ती जागा तुमच्या हाताला माहीत आहे."

मी बटण धरलं. फिरवत गेले. सरांनी मान हलवली, अजून नाही. मी त्या जागेच्या आसपास आले होते, हाताला कळतं, पण खोलीत माणसांची गरमी झाली होती, रोजची जागा सरकली असणार. मागून मालन पुटपुटायला लागली, "बा देवा म्हाराजा, ही परक्या गावची चेडू तुझ्या दारात इली हा, तिची इच्छा पुरी कर रे म्हाराजा." देवाला गाऱ्हाणं खरं पुरुषांनी घालायचं. पण आमच्यातला कोणी पुरुष तोंड उघडेना, मग काय करणार? आम्ही सगळ्या बायका एकदम, "व्हय म्हाराजा!" सर दचकून वर बघायला लागले. वृंदाने त्यांना खुणेने सांगितलं, बघा, बघा, डोळा काढू नका.

मी केसभर मागे आणलं.

सरांचा श्वास मला ऐकू आला. मग ते काहीतरी कानडीत म्हणाले. मला काय समजणार? पण मी वृंदाकडे बघत होते. तिचा एक डोळा दुर्बिणीला, दुसरा मिटलेला, आणि त्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी गालावर. मग मला समजलं, धावली.

सर बराच वेळ उठेचनात. मग मालकांनी बघितलं. साहेबांनी. भट्टीवरच्या बायकांनी, मखमलवाल्या बायकांनी, वॉचमनने, झाडू मारणाऱ्या शेजारच्या वाडीतल्या म्हातारीनेसुद्धा. जो बघायचा तो "अगो बाय गे" म्हणायचा. मी बटण सोडलं की जागा सरकायची, म्हणून मी धरून उभी. मालन म्हणाली, "सरा गो जरा, आता सुनंदाक बघूक दिया." मी कोणाच्या तरी हातात बटण देणार, एवढ्यात लाईट गेली.

लाईट लवकर आली नाही. सरांची गाडी चुकायला नको म्हणून त्यांना स्टेशनवर न्यायला लागलं. चांगल्या होत्या तेवढ्या सगळ्या काचा वृंदाने डब्यात घालून त्यांना दिल्या. तिथे ठेवून काय करायचं होतं?

तिचे वडील दिवाळीला आले. सरांनी त्यांच्याशी फोनवर काय बोलणं केलं देव जाणे, पण आले तेव्हा ते रागावलेले नव्हते. मी त्यांना जेवायला बोलावलं, ते शाकाहारी निघाले. आमच्या ह्यांनी सोलकढीचा पेला पुढे करत त्यांना सांगितलं, "पाखरां धरून ठेवची नसतत हो." इतके दिवस मी काय बघते ते यांना समजलेलं होतं तर!

वृंदा बंगळुरूला गेली. स्टेशनवर मला म्हणाली, "काकी, तिकडे या. मी दाखवते, पोटभर." मी येईन म्हटलं. मग सुनेचं बाळंतपण आलं, मग ह्यांचं दुखणं, मग ते गेले. प्रत्येक वर्षी, पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की जाऊ असं म्हणायचे. होड्या वर ओढायच्या आणि परत पाण्यात जायच्या.

कंपनीत मिठाला कायमची बंदी झाली. डब्यातलं लोणचंसुद्धा गेटवर ठेवायला लागलं, मालन महिनाभर कोणाशी बोलली नाही. द्रव दरवर्षी अधिक शुद्ध येत गेला. काचा अशा निर्मळ की बघण्यासारखं काही उरेना. साहेब माझं कौतुक करायचे, तुमच्याकडून एकही दोष सुटत नाही. सुटायला दोष हवा ना! कधी एकटी असले की मी उगीच बटण त्या जागेवर नेऊन थांबायचे. करडं पाणी. निवांत. दुसऱ्या बाजूच्या भिंगावर धूळ बसलेली असायची, ती पुसायचे.

पुढे बाहेरच्या देशातून तयार डिस्प्ले स्वस्तात यायला लागले. कंपनी आधी एका पाळीवर आली, मग बंद झाली. आता त्या शेडमध्ये काजूबियांची पोती ठेवतात. मालन एकदा बघून आली, म्हणाली, "आता खंयचा मीठ खंय सांडला तरी कोणाक पडलेला नाय."

इतक्या वर्षांत मला वाईट वाटायचं नाही असं नाही, पण एक समाधान होतं. मी बघत नसले तरी ती बघते. पहाटे दर्यावर जायचे तेव्हा वाटायचं, आत्ता ती उठली असेल, दुर्बिणीपाशी जाईल, बटण फिरवेल. आपल्या वाटणीचं कोणीतरी बघतंय एवढं पुरे असतं माणसाला.

कंपनी बंद झाल्यावर दोनेक वर्षांनी तिचा फोन आला. डॉक्टरेट तर केव्हाच झाली होती, आता एका कॉलेजात शिकवते, लग्नही आपल्या पसंतीने केलं, मुलगा शाळेत जातो. सगळं विचारून झालं आणि मी विचारलं, "आणि पाखरां? बरी आसत मा?"

ती म्हणाली, "काकी, सर निवृत्त झाले. तिथे आता दुसरंच काम चालतं. आमच्या कॉलेजात तशी दुर्बीण नाही. मीसुद्धा बघितली नाहीत हो, किती वर्षं झाली."

मी ओट्यावर बसले. इतकी वर्षं मी समजत होते की ती बघते आहे, आणि तिकडे ती मनात म्हणत असेल, काकी निदान कुडाळात आहे.

"रडतंस?" मी विचारलं.

"नाय, काकी."

"मगे नाक कित्या ओढतंस?"

"सर्दी आसा," ती म्हणाली. सांगलीची पोरगी!

"बाकी कोणी तशी काच बनवत असेल का हो? कुठे तरी?" तिने विचारलं. "मी शोधू का? तुम्ही याल?"

मी म्हटलं, "पाखरां रवांदे गो चेडवा. तूच ये. माका तुका बघूक व्हया."

पलीकडून आवाज नाही. आमच्या किनाऱ्यावर रेंज अशीच मध्ये जाते, म्हणून मी उठून माडाखाली गेले आणि परत एकदा, जरा मोठ्याने सांगितलं.